गावाला न आवडलेली गोष्ट

कोइसो, १४ सप्टेंबर १९९०

नोबु,

आधी जेवून घे, मग पुढचं वाच. जेवला असशील तर परत थोडं जेव. आजी सांगतेय.

तुझं मासिक पोचलं. कात्सुएच्या पार्लरमध्ये डोक्याला रोलर लावून बसले होते, तिथेच तुझी गोष्ट ऐकली. अक्षरं कात्सुएने वाचली, चित्रं मी माझी बघितली. हे पत्रही तीच लिहितेय. तिचं अक्षर फार चांगलं आहे, केस कापण्यापेक्षा पुष्कळच चांगलं. (हे मी लिहिणार नव्हते, पण म्हातारी शेवटी सगळं वाचून दाखवायला लावते. — कात्सुए)

आता मला सांग, हा तुझा मफलरवाला वीर कुठल्या घरचा? कुणाच्याही घरात शिरतो. दारात जोडे काढत नाही. ‘कुणी आहे का घरात’ असं विचारत नाही. थेट आत जातो, कपाट उघडतो, कोपऱ्यातलं मडकं फोडतो, आतली औषधाची मुळी उचलतो आणि चालू पडतो. घरातली बाई बाजूला उभी राहून हसते! आपल्याकडे कुणी असं केलं असतं तर तुझ्या आजोबांनी त्याला वल्हं दाखवलं असतं, आणि नुसतं दाखवून थांबले नसते.

दुसरं, तो बोलत का नाही? राजा बोलतो, बेडूक बोलतो, झाडसुद्धा दोन शब्द बोलतं. हा आपला मान हलवतो. लग्नात तुझा बाप असाच उभा होता.

तिसरं, ती गावाच्या वेशीवर बाकावर बसलेली म्हातारी. पोरगा निघाला की म्हणते, ‘उत्तरेला धुकं आहे, जपून जा.’ विसरलेलं काही घ्यायला तो परत आला की पुन्हा, ‘उत्तरेला धुकं आहे, जपून जा.’ तिसऱ्यांदाही तेच. बाईला दुसरं काही सुचत नाही का? तिच्या नाकाबद्दल मी आत्ता काही बोलत नाही. एवढं मोठं नाक तू लहानपणापासून कुठे बघितलंस, ते आपण दोघं जाणतो.

तुझ्या बापाने गोष्टीबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. मासिक मात्र माकुळं वाळवायच्या खोलीत घेऊन गेला होता. परत आलं तेव्हा पानापानाला माकुळाच्या मासळीचा वास होता, शेवटच्या पानालासुद्धा. काय समजायचं ते समज.

तुम्हा बापलेकांची पैज मी विसरलेले नाही. मासिकाने गोष्ट चालू ठेवली तर तू टोकियोत, बंद केली तर तू इथे, बापाच्या हाताखाली माकुळं वाळवायला. पैज तुम्ही लावायची आणि श्वास म्हातारीने धरायचा. छान आहे.

तुझी आजी


टोकियो, २५ सप्टेंबर १९९०

आजी,

जेवलो. परतसुद्धा जेवलो, पण ते दुसऱ्या दिवशी.

तुझ्या तक्रारी मी मुनाकाता साहेबांना वाचून दाखवल्या. ते माझे संपादक. हसले नाहीत. ‘आजी बरोबर बोलतात,’ म्हणाले आणि दुसऱ्या कुणाला तरी फोन लावला.

एकेक सांगतो. गोष्ट माझी नाही. मुळात तो टीव्हीला जोडून खेळायचा खेळ आहे, ‘विझलेल्या दिव्यांचा देश’. धुक्याच्या राजाने जगातले सगळे दिवे विझवलेत आणि एक पोरगा ते पेटवत पेटवत राजाच्या महालापर्यंत जातो. त्याची चित्रकथा करायचं काम मला मिळालंय. खेळात कपाटं उघडायची आणि मडकी फोडायचीच असतात, तिथे ती चोरी धरत नाहीत. वीर बोलत नाही, कारण खेळणारं प्रत्येक पोर स्वतःच तो वीर असतं, आपलं नाव त्याला देतं. मी त्याच्या तोंडी शब्द घातले तर सगळ्यांच्याच तोंडी घातल्यासारखं होईल, म्हणून खेळाच्या कंपनीची सक्त मनाई आहे.

कंपनी माझं प्रत्येक पान तपासते. मफलरचं टोक डाव्या खांद्यावरच हवं. बेडूक निळा आहे, असा शेरा लाल शाईने येतो. मासिक काळ्या-पांढऱ्यात छापतात, आजी. आणि मुख्य म्हणजे धुक्याच्या राजाचं तोंड दाखवायचं नाही, त्याला हरवायचं तर नाहीच. पोरं अजून खेळतायत, त्यांचा शेवट आपण आधी सांगून टाकायचा नाही.

खेळातल्या बाकीच्या माणसांना एकेकच वाक्य दिलेलं असतं. कितीदा विचारा, तेवढंच बोलतात. ती म्हातारी तशी खेळातलीच. नाक माझ्याकडचं.

आता पैजेचं. मासिकाच्या शेवटी एक कार्ड जोडलेलं असतं. वरच्या चौकटीत आवडलेल्या तीन गोष्टी लिहायच्या, खालच्या चौकटीत न आवडलेली एक. पोरं ते कापून, भरून पाठवतात. कार्यालयात कार्डं मोजतात. ज्या गोष्टी तळाला राहतात त्या बंद होतात. मी तळापासून फार लांब नाही. एक बेसबॉलची गोष्ट आहे, तिचं आणि माझं तिथे ढकलाढकलीचं चाललंय. साहेब म्हणतात, दोन महिने बघू.

तू काळजी करू नकोस. आणि आजी, तू काही करूही नकोस.

नोबुहिको


कोइसो, २१ ऑक्टोबर १९९०

नोबु,

‘काही करू नकोस’ असं लिहिलंयस. मी काय करणार? मला अक्षर येत नाही. ज्या वयात पोरं शाळेत जातात त्या वयात माझ्या पाठीला दुसऱ्याचं पोर बांधलेलं होतं. अक्षर न येणारी बाई काय करू शकते?

गावात विशेष काही नाही. थंडी पडायला लागली. परसातल्या काकीच्या झाडाची नारिंगी फळं सोलून वाळायला ओसरीत टांगलीत, माकडांनी अजून बघितलेली नाहीत. शहरातल्या पुस्तकाच्या दुकानात तुझं मासिक संपलं म्हणे. बसचा ड्रायव्हर सांगत होता की आपल्या गावच्या बायका गठ्ठे घेऊन बसमध्ये चढल्या आणि एकीनेही त्याला कारण सांगितलं नाही. मला काय माहीत? असेल काहीतरी. कात्सुएचं मनगट दुखतंय. थंडीने दुखत असेल.

तुझा नवा भाग ऐकला. पोरगा अजून जोडे काढत नाही. पण माझा खरा प्रश्न वेगळाच आहे. त्याने डोंगरावरचा दिवा लावला, माणसं नाचली, बेडूक नाचला, आणि हा पुढच्या गावाला निघाला. उद्या त्या दिव्यात तेल कोण घालणार? दिवा लावायला वीर कशाला हवा, तो कुणीही लावतो. तेल रोज घालावं लागतं. तुझ्या कंपनीच्या साहेबांनी आयुष्यात एकदा तरी दिव्यात तेल घातलंय का, विचारून बघ. बेडकाच्या रंगाची एवढी काळजी आहे म्हणून म्हटलं.

बाकी सगळं ठीक. लवकरच तुला चांगली बातमी कळेल असं मला उगाच वाटतंय.

तुझी आजी


टोकियो, १५ नोव्हेंबर १९९०

आजी,

आज मुनाकाता साहेबांनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर कार्डांचा ढीग होता. एकेका कार्डावर कोइसोच्या टपालाचा शिक्का. आणि एकेका कार्डाच्या खालच्या चौकटीत, न आवडलेली गोष्ट म्हणून, माझी गोष्ट.

शेरेही होते. ‘अगदी सामान्य.’ ‘आमच्या गावच्या पोराकडून याहून काय होणार?’ ‘मासिकाची पानं वाया जात आहेत, गावाच्या वतीने क्षमा मागतो.’ निम्म्या कार्डांवर एकाच हाताचं अक्षर होतं. फार सुरेख अक्षर. तुझ्या पत्रांतून मला ते नेहमी येतं.

वरच्या चौकटीत सगळ्यांनी बेसबॉलची गोष्ट लिहिली होती.

साहेबांनी विचारलं, ‘तुम्ही या गावाचं काय वाकडं केलंय?’ मी म्हटलं, ‘ते माझं गाव आहे.’ त्यांनी मला चहा दिला. ते कुणाला चहा देत नाहीत.

माझी गोष्ट सगळ्यांत तळाला गेली. आणखी तीन भाग, मग बंद.

खरं सांग, आजी. हे बाबांनी करायला लावलं, की तुझंच डोकं? मी घरी यावं म्हणून? तसं असेल तर जमलं तुम्हाला.

जेवलो नाही.

नोबुहिको


कोइसो, १९ नोव्हेंबर १९९०

नोबु,

‘जेवलो नाही’ तू शेवटी लिहिलंस, म्हणून आम्हाला वरचं सगळं आधी ऐकावं लागलं. कात्सुए वाचताना मध्येच थांबली आणि उगाच कात्र्या पुसत बसली. मी म्हटलं, वाच. तिने वाचलं.

आता आम्ही काय केलं ते ऐक.

सगळ्या बायका पार्लरमध्ये जमल्या. ज्यांना लिहिता येतं त्यांनी लिहिलं, ज्यांची नजर गेली किंवा माझ्यासारखी अक्षराशी ओळख नाही त्यांचं कात्सुएने लिहिलं. कार्ड समोर आलं. वर आवडलेल्या तीन, खाली न आवडलेली एक. मला तू सांग, आपल्याच घरच्या पोराचं नाव वरच्या चौकटीत कुठल्या तोंडाने लिहायचं? परक्या साहेबांना आपणहून कळवायचं की आमचं पोर हुशार आहे? पाहुणा आपल्या मुळ्याच्या लोणच्याला चांगलं म्हणाला तर आपण काय म्हणतो? ‘छे, बेचव झालंय, कसं गिळताय तुम्ही!’ आणि पाहुणा काय करतो? आणखी दोन फोडी घेतो. सगळ्या जगात असंच चालतं, असा आमचा समज. वाटलं, साहेब कार्ड वाचतील आणि मनात म्हणतील, ज्या पोराला त्याचं गाव एवढं नावं ठेवतं तो केवढा गुणी असेल! टोकियोत नुसती कार्डं मोजतात, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. तू सांगितलंस म्हणा, पण आम्हाला ते मोजण्याआधी वाचतात असं वाटलं.

फक्त मियानागांची ओसाकाहून आलेली सून म्हणाली, ‘सासूबाई, हे उलटं नाही का होणार?’

सासू म्हणाली, ‘तू अजून नवी आहेस.’

‘माझा मुलगा पाचवीत आहे.’

‘तेच म्हणतेय, नवी आहेस.’

ती बिचारी आमच्यासारखंच लिहून मोकळी झाली.

तुझ्या बापाचं म्हणशील तर त्याने काही करायला लावलं नाही. तो पार्लरच्या दारापर्यंत आला. आत येत नाही तो, केसांच्या औषधाने शिंका येतात त्याला. बाहेरूनच म्हणाला, ‘माझंही एक लिहा.’

कात्सुएने विचारलं, ‘काय लिहू?’

‘टाकाऊ.’

‘एवढंच?’

तो विचार करत उभा राहिला. मग म्हणाला, ‘अगदी टाकाऊ.’ आणि शिंकत शिंकत गेला.

तुझा बाप हा शब्द कशासाठी वापरतो ते तुला मी सांगायला नको. उन्हात धरलं तर पलीकडचा माणूस दिसेल असं पातळ, सोनेरी माकूळ जमलं की गिऱ्हाइकासमोर ठेवून म्हणतो, ‘टाकाऊ माल आहे, बघा.’ हलक्या मालाला तो ‘बरा आहे’ म्हणतो. ‘अगदी टाकाऊ’ तर मी त्याच्या तोंडून पूर्वी एकदाच ऐकलंय. तू जन्मलास तेव्हा, शेजाऱ्यांना दाखवताना.

आता तुझा प्रश्न. तू घरी यावंस असं मला वाटतं का? वाटतं. त्यात विचारायचं काय? पण तुला आणायचंच असतं तर मी आजारी पडले असते. एक फोन केला की काम झालं असतं, दुसऱ्या दिवशी तू दारात. त्यासाठी अख्ख्या गावाला रोलर लावून का बसवीन? मला एवढी बिनडोक समजू नकोस. बाकी काहीही समज.

हे रागाने लिहिलेलं नाही. थोडं रागाने.

पुढच्या मासिकात सगळ्यांकडून वरच्या चौकटीत लिहून घेऊ का? बायका तयार आहेत. लाजेने अर्धमेल्या झाल्यात, पण तयार आहेत. मियानागांच्या सासूच्या अंगावर नुसत्या विचाराने पुरळ उठलंय.

तुझी आजी


टोकियो, १ डिसेंबर १९९०

आजी,

चुकलं माझं. मियानागांच्या आजींना म्हणावं, पुरळ जाऊ दे, काही लिहू नका.

मी साहेबांना विचारलं, कोइसोची कार्डं बाजूला काढली तर? म्हणाले, ती बाजूला काढून त्यांनी आधीच मोजलं होतं. शेवटून दुसरा. म्हणजे गोष्ट बंद होणारच होती, फार तर महिन्याभराने. मला हे आधी विचारायचंच नव्हतं. पोरांना माझी गोष्ट आवडत नाही, यापेक्षा आजीने घात केला हे जास्त सोपं वाटत होतं.

‘अगदी टाकाऊ’ वाचल्यावर त्या दिवशी मला एक रेघसुद्धा काढता आली नाही. उद्या काढेन.

पण काढू काय? शेवट करायचाय आणि शेवट करायची परवानगी नाही. वीराने मरायचं नाही. जिंकायचं नाही. राजाचं तोंड दिसायचं नाही. बोलायचं तर नाहीच. साहेब म्हणतात, अशा गोष्टी एकाच रीतीने संपवतात. वीराला एका मोठ्या टेकडीवर चढताना दाखवायचं, वर ढग काढायचे, आणि लिहायचं: ‘खरा प्रवास तर आता सुरू होतोय!’ मग पुढच्या महिन्यात त्या पानांवर दुसऱ्याची गोष्ट. टेकडीवरून तो कधी उतरत नाही. मासिकाच्या जुन्या अंकांत अशी किती पोरं टेकड्यांवर अडकलीत.

मला त्याला टेकडीवर सोडायचं नाही. पण दुसरं काही सुचत नाही. पानं काढतो, फाडतो.

जेवतोय.

नोबुहिको


कोइसो, ८ डिसेंबर १९९०

नोबु,

शेवटून दुसरा होतास, म्हणजे एक पायरी आमच्यामुळे घसरलास. तेवढं आमच्या नावावर असू दे, सगळं टोकियोच्या पोरांना देऊन टाकू नकोस.

टेकडीवर चढवून सोडून द्यायचं, हे कुणाच्या डोक्यातून निघालं? खाली घरी जे वाट बघत बसलेत त्यांनी काय करायचं? जेवण झाकून ठेवायचं की खाऊन टाकायचं?

परवा पहाटे समुद्रावर वीज कडाडली. आता मोठा मासा जवळ येणार म्हणून सगळ्या बोटी निघाल्या. दुपारी धुकं उतरलं आणि सगळ्या अर्ध्या वाटेतून परत आल्या. किनाऱ्यावर कुणी कुणाला विचारलं नाही, ‘काय रे, धुक्याला हरवलंस का?’ धुक्याला तोंडच नाही, त्याच्याशी भांडणार कुठून? तुझ्या कंपनीचे लोक राजाचं तोंड दाखवू देत नाहीत, त्यात त्यांना एकदा तरी अक्कल आली म्हणायची.

तुझे आजोबा असे किती वेळा परतले, मोजलं नाही. माणसाचं नाव मागे राहायला हवं असं म्हणणारा त्यांच्या बरोबरचा गोन्झो मात्र अर्ध्यातून कधीच परतला नाही. फार शूर. त्याचं नाव राहिलंय, देवळामागे दगडावर आहे. आजोबा म्हातारे होऊन, दातांच्या नावाने ओरडत, स्वतःच्या अंथरुणात गेले. त्यांच्यावर कुणी गोष्ट लिहिली नाही.

बोटी धुक्यात असल्या की आम्ही बायका किनाऱ्यावर पेंढा पेटवायचो आणि पत्र्याचा डबा बडवायचो. धुक्यात जाळ दिसत नाही. पांढऱ्यात कुठेतरी थोडं तांबूस होतं, एवढंच. तेवढं पुरतं. गेलेल्यांच्या गोष्टी मी जन्मभर ऐकल्या, तुझ्या मासिकातही सगळे जातच असतात. परत येण्याची गोष्ट कुणी सांगत नाही. तिच्यात काही घडतच नाही, माणूस नुसता येतो. मला विचारशील तर मला तेवढीच गोष्ट आवडते.

पण मला कशाला विचारशील? मला अक्षर येत नाही. आणि हे मी तुला सांगत नाहीये, त्या मफलरवाल्याला सांगतेय. तू तुझं बघ.

काकीची फळं पाठवतेय. उरलेली माकडांनी नेली. म्हणजे यंदा बेचव नव्हती.

तुझी आजी


टोकियो, २६ फेब्रुवारी १९९१

आजी,

सोबत मासिक आहे. दुकानात जायच्या आधीची प्रत. शेवटचा भाग त्यात आहे.

कंपनीकडून पानं परत आली ती एकही लाल खूण नसलेली. साहेब म्हणाले, असं कधी बघितलं नाही. मीच त्यांना विचारलं, ‘बेडूक?’ म्हणाले, ‘बेडकाबद्दलही काही नाही.’

एकच मागणं आहे. हा भाग कात्सुएमावशींकडून वाचून घेऊ नकोस. तुझा तू बघ.

पैज मी हरलो. वीस मार्चच्या दुपारच्या बसने येतोय. बाबांना सांग, हाताखाली माणूस येतोय, बरा आहे. चित्रं काढायचं टेबलही आणतोय. टोकियोतली खोली सोडली, आणि टेबल कुणाला द्यावंसं वाटलं नाही.

नोबुहिको


कोइसो, १० मार्च १९९१

नोबु,

कात्सुए सवयीने चष्मा पुसून बसली होती. मी म्हटलं, आज तुझं काम नाही. तरी तिने डोकावलंच. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मागून पुढे, पुढून मागे. मग म्हणाली, ‘सुएनोबाई, यात एकसुद्धा अक्षर नाही.’

मी म्हटलं, ‘म्हणजे आज तुला माझ्याएवढंच वाचता येतं.’

ती रुसली. रुसून माझ्याकडचा सगळा सुका मेवा खाल्ला. आणि मी वाचलं. मी वाचलं, नोबु. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, कुणी मध्ये न बसता. बरोबर वाचलं की नाही ते तूच सांग.

पोरगा धुक्याच्या कडेला उभा आहे. पुढे महाल असेल, दिसत नाही, नुसतं पांढरं आहे. तो हातातला दिवा हलवून बघतो. तेल थोडंच आहे. मग वळतो. असा हळू वळतो की मला वाटलं आता टेकडी चढतो की काय. नाही चढला. डोंगरावरच्या दिव्याशी आला, तेल घातलं. पुलावरच्या दिव्याशी आला, तेल घातलं. म्हणजे माझं ऐकलंस तू. मग ज्या घरातलं मडकं फोडलं होतं तिथे गेला, आणि नोबु, त्याने दारात जोडे काढले! टोकं बाहेर करून नीट लावून ठेवले. बगलेतून नवं मडकं काढून कोपऱ्यात ठेवलं. घरातली बाई या वेळीही हसतेच आहे, पण आता शोभतं तिला.

मग त्याच्या गावाभोवती धुकं. त्याला काही दिसत नाही. पान अख्खं पांढरं. मी पान जवळ नेलं, लांब नेलं. एका कोपऱ्यात तांबूस दिसलं. कात्सुए म्हणते, तांबूस काही नाही, काळ्या शाईच्या बारीक रेघा आहेत. तिला म्हटलं, तू अक्षरंच वाच. त्याच्या खाली कुणाचा तरी हात आहे, हातात काठी, पुढे पत्र्याचा डबा. आवाज लिहिलेला नाहीस. मला ऐकू आला.

मग बाकावरची म्हातारी. तो समोर येऊन उभा राहतो. ती तोंड उघडते. मला वाटलं, झालं, आता म्हणणार ‘उत्तरेला धुकं आहे’. ती तोंड मिटते. बाकावर जरा सरकते. तो बसतो. दोघांच्या पाठी. संपलं.

नाक अजूनही मोठंच काढलंयस. पाठमोरी असूनही दिसतंय.

तुझ्या बापाने उभ्याने बघितलं. शेवटच्या पानावर पुष्कळ वेळ थांबला. मग म्हणाला, ‘बाकावर तिघं मावतील,’ आणि बाहेर गेला. आता अंगणात बसून पत्र्याचा जुना डबा घासतोय. कशाला म्हणून विचारलं तर म्हणे, गंजलाय. तो डबा मी सासरी आले तेव्हाच गंजलेला होता. विसाव्या तारखेला बसथांब्यावर काही आवाज आला तर दचकू नकोस. उत्तरेकडची खोली त्याने रिकामी केलीय. कात्सुएने त्याला सांगितलं की चित्रं काढणाऱ्यांना उत्तरेचा उजेड लागतो. माकुळं सकाळीच टांगून होतात, दुपार मोकळीच असते.

एक राहिलं. मासिकाच्या शेवटी ते कार्ड होतं. गोष्ट संपली, आता त्याचा काही उपयोग नाही, मला कळतं. कात्सुएला विचारलं, चौकट कुठली कुठे? तिने दाखवलं. या अंकात गोष्टींची चित्रंही कार्डावर दोन्ही चौकटींत बारीक छापलीत, गोल केला तरी चालतो म्हणे. मग मी तिला चहा करायला आत पाठवलं.

पेन्सिल मी घेतली. वरच्या चौकटीत तुझा पोरगा होता, मफलर डाव्या खांद्यावर. त्याच्याभोवती मी गोल काढला. वरच्या चौकटीत, नोबु. गावात बोलू नकोस. कात्सुए हे लिहितेय म्हणजे संध्याकाळपर्यंत गावाला कळेलच, पण तू तरी बोलू नकोस.

पेटीत मीच टाकलं. ते पोचलं की तुझ्या मुनाकाता साहेबांना फोन करून सांग, गोल थोडा वाकडा आलाय, चालवून घ्या. घरच्या माणसाला चांगलं म्हणायची म्हातारीची पहिलीच वेळ आहे.

तुझी आजी